तीनदा ओढलेली कडी

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दाराला कडी घातली की तीनदा ओढून बघतात. कॉम्प्युटरला मात्र पासवर्ड नाही. अपडेट आलं की म्हणणार, "नंतर बघू!" आणि आम्हा सगळ्यांची आधार कार्डं त्यातच.

काल सहीसाठी गेलो, तर पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता आणि हे कानाला फोन लावून कौतुकाने बघत होते.

"कंपनीचा माणूस आहे. व्हायरस शिरलाय म्हणे, तिकडूनच काढतोय."

मी इंटरनेटची वायर उपटली.

"अहो, त्याचं काम अर्धवट राहिलं ना!" ते माझ्यावरच उखडले.

अर्धा तास घसा कोरडा करून मी निघालो. मागे दार लागलं. कडी तीनदा वाजली आणि आतून आवाज आला, "हां साहेब, लावली वायर. करा सुरू!"