लाइन आली की आईची आरोळी

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीत आमच्या घरामागं धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, आहे. तिच्यात आई दरवर्षी चिन्नोर लावते. हा बारीक, वासाचा तांदूळ आम्ही विकत नाही. घरी खातो आणि नात्यात वाटतो. लोंबीत दूध भरलं की पोपटांची धाड पडते, मग आई दिवसभर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून त्यांना हाकलते. तिचा आवाज असा की पोपट उडतातच, शिवाय शेजारच्या वावरातली माणसंही गप्पा सोडून कामाला लागतात.

गेल्या वर्षी धानाची रोवणी, म्हणजे लावणी, झाल्यावर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुऱ्यावर जायला साफ मनाई केली. नागपूरहून भावाचा फोन आला, "यंदा पोपटांनी खाल्लं तर हे चिन्नोर बंदच करा. तांदूळ काय, दुकानातही मिळतो." आईनं फोन माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून बसली. मला भावाचा असा राग आला की मी 'बरं' एवढंच म्हणून फोन ठेवला.

पण राखायचं कुणी? मी शिक्षिका, दिवसभर शाळेत. शेवटी घरच्या कॉम्प्युटरला एक भोंगा जोडला आणि तो मागच्या खिडकीत बांधला.

"मशीनच्या आवाजाले पोपट भेतात काय?" आई म्हणाली.

"मशीनचा नाही, तुहाच आवाज लावतो."

मग मात्र ती खुलली. खाटेवर बसून तिनं पोपटांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मी तो रेकॉर्ड केला. एकच आरोळी ठेवली तर पोपट ओळखतील म्हणून तिनं वेगवेगळ्या दिल्या, मध्ये मध्ये जागा सोडायला लावली. पहिला दिवस झकास गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइन गेली. संध्याकाळी घरी येऊन पाहते तर बांधीचा एक कोपरा फस्त. आई रागानं नुसती धुमसत होती. "लाइन लवकरच आली. पंखा लागला, टीव्ही लागला. तुहा डब्बाच बोलला नाही!"

बोलणार कसा? लाइन जाताच कॉम्प्युटर बंद पडलेला, आणि तो आपोआप सुरू होत नव्हता. तो कुणी सुरू केला असता तरी पासवर्ड मागत बसला असता, आणि आईला इंग्रजी अक्षरं येत नाहीत.

गोंदियाच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराला विचारलं, पासवर्ड काढून टाकू का? तो म्हणाला, "मैडम, पासवर्ड हटाना ठीक नहीं. आप इन्वर्टर लगवा लो." इन्वर्टर अर्थातच त्याच्याच दुकानात होता. मी तणतणत परत आले. चोर आला तर अख्खा डबाच उचलून नेईल, पासवर्ड विचारत बसेल होय? पण बसमध्ये डोकं थंड झाल्यावर वाटलं, माणूस अगदीच खोटं बोलत नाही. त्या कॉम्प्युटरात माझ्या शाळेतल्या मुलांची माहिती होती.

म्हणून रविवारी मी आईचं वेगळं खातं उघडलं. माझं खातं कुलपातच ठेवलं. लाइन आली की कॉम्प्युटरनं स्वतःच सुरू व्हायचं, ही सोय त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये सापडली. सुरू झाल्यावर न विचारता आईच्या खात्यात शिरायचं, आणि शिरल्याबरोबर आरोळ्या लावायच्या. पासवर्ड मागू नये म्हणून ज्या चौकटीतली खूण काढायची, ती चौकटच आधी दिसेना. ती दिसण्यासाठी दुसरीकडचं एक बटण बंद करावं लागतं. व्हिडिओ पाहून तेही केलं. मेन स्विच पाडला, पुन्हा वर केला. पडद्यावर आलं, 'पासवर्ड चुकीचा आहे.' मी पासवर्डच्या जागी चार आकड्यांचा पिन टाकून बसले होते! स्वतःलाच दोन शिव्या दिल्या आणि दुरुस्त केलं.

पुन्हा स्विच पाडला. वर केला. पडद्यावर आईचा फोटो आला, गेला, आणि खिडकीतून आरोळी सुटली, "हाऽऽ हुर्रर्र! मुडदे हो, पळा!" आई स्वयंपाकघरात पदराआड हसत होती. मी तर स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासमोर चक्क नाचले. कुणाला काय वाटायचं ते वाटो, मला माझा अभिमान वाटत होता.

खरी परीक्षा दोन दिवसांनी झाली. शाळेत भर दुपारी पंखे थांबले आणि माझं शिकवण्यातलं लक्ष उडालं. सुटल्यावर गाडी हाणत निघाले, तर गावात शिरताना शेजारच्या काकांनी हात केला.

"काऊन वो, तुही माय धुऱ्यावर जाऊन राहिली का? लाइन आल्याबरोबर शिव्या सुरू!"

"माय खाटेवरच हाये, काका. ते म्या केलं," मी सांगितलं. मान ताठ करूनच सांगितलं.

धान कापणीला आलं तेव्हा कोपरा सोडून सगळी बांधी भरलेली होती. आई अंगणात बसून बियाण्यासाठी चांगल्या लोंब्या निवडत होती. दरवर्षीपेक्षा मोठा ढीग बाजूला काढलेला पाहून मी विचारलं, "एवढं बी कायले?"

तिनं मान वर केली नाही.

"पुढल्या साली आपल्या त्या बाजूच्या बांधीतही चिन्नोरच लावू," ती म्हणाली. "तुह्या डब्ब्याचा आवाज तेथवर पोचते ना?"