लाल पेन्सिलवाल्या बाईंचा स्वतःचा अर्ज

व्हिसा कचेरीसमोरच्या फुटपाथवर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक टेबल आहे. टेबलावर डिंकाची बाटली, स्टेपलर, पंच आणि एक लाल पेन्सिल. मागे बसणाऱ्या बाईंना नाव आहे, पण गेल्या सव्वीस वर्षांत ते कुणी वापरलेलं नाही. लाल पेन्सिलवाल्या बाई म्हटलं की कचेरीचा पहारेकरीसुद्धा बोट दाखवतो. बाई अर्जाच्या प्रत्येक पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात लाल आकडा घालतात आणि वर यादी जोडतात: बँकेचं पत्र पान चार, विमा पान सात. साहेबाला कागद शोधावा लागला की साहेब चिडतो, आणि चिडलेला साहेब नको तो शिक्का मारतो, असं त्यांचं ठाम मत आहे.

बाईंचा स्वभाव म्हणाल तर तिखट. खोटं लिहा म्हणणाऱ्याला त्या स्टुलावरून उठवतात. मुलाकडे सहा महिने राहायला निघालेले एक निवृत्त हेडमास्तर व्हिसा हातात पडल्यावर आभार मानायला आले, तर त्यांनाच उभ्याउभ्या शिकवणी मिळाली.

"औषधं पाकिटातनं काढून डब्यात भरू नका, डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा. इथलं सिम बंद करू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत. आणि व्हिसावरची तारीख बघत बसू नका. तिथे उतरल्यावर किती दिवस राहायची परवानगी देतात ती बघा, तीच खरी."

"आणखी काही?" हेडमास्तरांनी विद्यार्थ्यासारखं विचारलं.

"सुनेच्या स्वयंपाकघरातले डबे हलवायचे नाहीत."

लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आज्यांवर तर त्यांचा खास जाच. "तिथे काय करणार?" बाई विचारायच्या. आजी कौतुकाने म्हणायची, "बाळाला सांभाळणार!" की बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. "झालं! पोर सांभाळणं ही तिकडे पगारी नोकरी आहे हो. पाहुणी म्हणून जाऊन नोकरी करणार म्हणालात, तर कोण देईल व्हिसा? लेकीजवळ राहायला जाताय ना? मग तेच म्हणा. विचारलं तेवढंच उत्तर." आज्या बिचाऱ्या घरी जाऊन आरशासमोर पाठांतर करायच्या.

एवढ्या दुनियेला विमानात बसवलं, पण स्वतः बाई कधी गेल्या नाहीत. त्यांची एकुलती एक लेक आठ वर्षं परदेशात होती. तिचं लग्न तिकडेच झालं, ते बाईंनी फोनच्या पडद्यावर पाहिलं, मध्येच रेंज गेली तेवढं सोडून. "दुकान कसं सोडू?" असं त्या सगळ्यांना सांगायच्या. खरी गोष्ट वेगळी होती. अर्ज कुठेकुठे फसतो हे त्यांना इतकं पाठ होतं, की स्वतःचा अर्ज भरायला त्यांचा हात धजत नव्हता. लोकांचा नकार त्यांनी शेकडो वेळा पचवला होता. लेकीकडे जायला नकार मिळाला असता, तर तो पचला नसता.

मग लेकीला दिवस गेले. तिने कधी कशाचा हट्ट केला नव्हता. यंदा फोनवर एवढंच म्हणाली, "आई, या वेळी ये गं." बाईंनी "बघू" म्हटलं आणि दोन महिने नुसतंच बघितलं.

शेवटी बाईंचे यजमान पुढे सरसावले. बस डेपोत टाइमकीपर म्हणून जन्म गेलेला माणूस, उशीर त्यांना सोसत नाही. एका सकाळी ते रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "एक अर्ज भरायचाय."

"कुणाचा?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"बायकोचा."

बाईंनी वर पाहिलं. "अहो, काय चेष्टा चालवलीय? मागे लोक खोळंबलेत. आणि अर्जदार स्वतः हजर लागतो."

"समोर बसलीय की. बाळंतपणाला सात आठवडे उरलेत. लिही."

रांगेतली माणसं हसायला लागली. एका आजीने तर "लिहा हो बाई, आम्ही थांबतो" म्हणून दटावलंच. बाईंनी नवा फॉर्म ओढला. पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिताना त्यांचं अक्षर सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हललं.

"तुम्हीही चला," त्या हळूच म्हणाल्या.

"मी नाही. विमानाची खिडकी उघडत नाही."

मुलाखतीच्या दिवशी काचेपलीकडे एक तरुण अधिकारी होता. मराठी नवी शिकलेला, शब्द मोजून बोलणारा. कुठे राहणार, किती दिवस, विमा आहे का, सगळी उत्तरं बाईंनी टाचणी टोचल्यासारखी दिली. मग त्याने विचारलं, "पाच महिने तिथे काय करणार?"

आणि बाईंच्या तोंडून गेलं, "बाळाला सांभाळणार."

त्याचं पेन थांबलं. हजार आज्यांना बाईंनी जे म्हणू नका म्हणून बजावलं, नेमकं तेच! सगळं कळून शेवटी माती खाल्ली.

"म्हणजे मुलगी कामाला जाणार, आणि तुम्ही मूल सांभाळणार?"

"नाही!" विचारलं तेवढंच उत्तर, हा नियम बाईंनी तिथेच सोडून दिला. "मुलगी रजेवर आहे, पान अकरा बघा. बाळाला सांभाळायला त्याची आई आहे साहेब. पण तिच्याजवळ कोण आहे? तिच्या लग्नालाही मी नव्हते. मी तिच्यासाठी चाललेय."

अधिकाऱ्याने पान अकरा काढलं. रजेचं पत्र वाचलं. मग त्याचं बोट खालच्या कोपऱ्यावर थबकलं.

"हे लाल आकडे... तुम्ही घालता? सगळ्यांच्या अर्जांवर?"

"सव्वीस वर्षं."

तो पहिल्यांदा हसला. "मग तुम्ही गेल्यावर आमच्याकडे येणाऱ्या कागदांचं काय?"

"पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे," बाई तडफेने म्हणाल्या. "मी आले की लावते ना सगळं नीट."

त्याने मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. काय ते बाईंना काचेतून उलटं वाचता आलं नाही. नंतरचे बारा दिवस त्यांनी तीन जणांच्या पानांना चुकीचे आकडे घातले.

तेराव्या दिवशी पाकीट आलं. पाकीट रस्त्यात फोडायचं नाही, हा बाईंचा आणखी एक नियम. तो त्यांनी टेबलाशीच मोडला. आधी नावाचं स्पेलिंग, मग जन्मतारीख, मग पासपोर्टचा नंबर, सवयीप्रमाणे सगळं क्रमाने तपासलं. मग कुठे त्यांना कळलं की आपण व्हिसाच तपासतोय. झेरॉक्सवाला मशीन थांबवून बाहेर आला. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी उभ्या यजमानांनी घड्याळात बघून "चार आठवडे सहा दिवस" असं जाहीर केलं, आणि लगेच चष्मा पुसायला घेतला.

बाईंनी फोन लावला. लेकीने पहिल्या रिंगला उचलला. तिचा आवाज घाबरलेला होता. "आई? काय झालं? आलं का उत्तर?"

"विचारलंस तेवढंच सांगते," बाई म्हणाल्या. "येतेय मी."

आणि मग रांग तशीच उभी ठेवून, कुणी काही न विचारता, त्या अर्धा तास बोलत राहिल्या.