नवरीच्या बाजूची काच

परवा गाडीच्या काचेवरची जुनी काळी फिल्म काढताना हाताला रॉकेलचा वास लागला आणि ऐंशी सालानंतरचं नालवाडीतलं आमचं अंगण आठवलं. धाकट्या बहिणीचं लग्न लागलं होतं आणि पाठवणीसाठी जाम गावच्या एका व्यापाऱ्याची मोटार मागून आणली होती. तिच्या मागच्या काचांवर काळी फिल्म होती, काच खाली करायचं हँडल तुटलेलं. "काऊन वं, अशा काचेतून मले पोरगी दिसन कशी?" म्हणत आई सारखी आत-बाहेर करत होती. शेवटची पंगत उठायला अर्धा तास होता, म्हणजे एकच काच होणार. नवरी नवऱ्याच्या डावीकडे बसते, म्हणून मी डावी काच धरली. ओला पेपर, रॉकेल आणि ब्लेड घेऊन घासत सुटले. फिल्मच्या चिंध्या निघत होत्या, गोंद बोटांना चिकटत होता आणि ड्रायव्हर डोक्यावर उभा होता. "ताई, काचीवर रेघ पडली तं मालक मले जित्ता नाई ठेवत!" पंगत उठली तेव्हा काच लख्ख झाली होती. बहीण बरोबर त्याच बाजूला बसली. आईने काचेला कपाळ टेकवून तिला डोळे भरून पाहिलं आणि विचारलं, "जेवली का वं?" बहिणीने नाही म्हणून मान हलवली आणि मोटार निघाली. तिला ताट वाढायचं काम माझ्याकडे होतं. आजही नात्यातल्या लग्नांच्या याद्या मीच करते, आणि नवरीचं जेवण ही पहिली ओळ कोणालाही न विचारता लिहिते.