खिंडीचा राखणदार आणि आत्याबाई

पलंगाच्या पायाकडच्या बाजूला दोन-दोन विटा लावल्या होत्या, म्हणजे माझे पाय वर आणि डोकं खाली. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, नववा लागेपर्यंत उठायचं नाही, जेवणसुद्धा कुशीवर. आदल्या वर्षी सहाव्या महिन्यात माझं बाळ गेलं होतं. मुलगा होता. त्याच्याबद्दल खोडदच्या आमच्या घरात कुणी चकार शब्द काढत नसे. शेजारच्या बाया तर मला खुशाल पहिलटकरीण म्हणायच्या. मी मान हलवायचे आणि आतून जळायचे.

माझा स्वभाव मुळातच तिरसट. पेठला माहेरी आई म्हणायची, ही पोर उभ्या उभ्या भांडेल. आता आडवं पडून भांडायची पाळी आली होती. भाजीला मीठ कमी का, दुधावर झाकण का नाही, असं मी पलंगावरून सगळ्यांना विचारत राहायचे. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, उत्तर द्यायच्या नाहीत. एक दिवस माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिला कायतरी दे बाबा हातात, न्हायतर आमाला दुसरं घर बगाया लागंल."

नवऱ्याला काही सुचलं नाही. सुचलं ते धाकट्या दिरांना. भाऊजी चाकणला कंपनीत होते, गुरुवारी सुट्टीला घरी यायचे. त्यांनी मित्राकडून घेतलेला गेम माझ्या हातात दिला. हातात मावेल एवढा, मधे पडदा आणि दोन्ही अंगांना बटणं. आत गेम एकच होता. एका डोंगरी राज्याच्या खिंडीवर नेमलेला तरुण राखणदार, त्याला आपण चालवायचं, लढवायचं, लोकांशी बोलायला लावायचं. बोलणं सगळं इंग्रजीत लिहून येई. मी बारावीपर्यंत शिकलेली, अडलं की डिक्शनरी होती.

"ह्याच्या आधी एक गेम आलता वहिनी," भाऊजी म्हणाले. "कॉलेजात असताना रूमवर आमी टीव्हीला जोडून खेळायचो. त्यात हा राखणदार नव्हता, नुसतं त्याचं नाव व्हतं. लोकांना त्यो लई आवडला. मग कंपनीनं त्याची आधीची गोष्ट नंतर काढली."

"आधीची नंतर?" मी म्हटलं. "तुमच्या कंपन्यांचं सगळंच उलटं."

आमच्या मागच्या दारातून शेतापलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या डिश दिसतात. आकाशातलं बारीकसारीक ऐकायचं त्यांचं काम, त्यामुळे आसपास तारेविना चालणारी यंत्रं लावू नयेत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाऊजींनी गेमचं वायरलेसचं बटण बंद करून दिलं. पण आत्याबाईंचा त्यावर विश्वास नव्हता. मी गेम हातात घेतला की त्या आधी विचारणार, "त्ये बटन बंद हाय ना? उगं त्या डिशला तरास नको." मग बाहेर डोकावून डिश जागेवर आहेत का बघणार. एकदा माझी लढाई चालू असतानाच डिश वळायला लागल्या, तर त्यांनी माझ्या हातातून गेम काढून उशीखाली घातला.

दुपारी लोडशेडिंग असे. टीव्ही बंद, पंखा बंद, मोटार बंद, त्यामुळे रानातही काम नाही. आत्याबाई मेथीची जुडी नाहीतर लसूण घेऊन माझ्या पलंगाशी बसायच्या. मी खेळता खेळता काय चाललंय ते मोठ्यानं सांगायला लागले, पहिल्यांदा नुसतं बोलायला कुणी हवं म्हणून. आठवडाभरात त्या जेवण उरकून माझ्याआधी तयार.

त्यांना सगळंच पटत असे असं नाही. या गेममध्ये कुणाच्याही घरात शिरून रांजण-पेट्या उघडायच्या असतात, आत औषधं सापडतात. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "लोकांच्या घरात शिरतो? ह्यो कसला राखणदार! ठेव त्ये मागारी." मागारी ठेवायची सोय नव्हती. मग त्यांच्या आग्रहावरून मी त्याच घरातल्या म्हातारीशी दोनदा बोलून यायचे, तेवढीच भरपाई. राखणदार गावात ढाल विकायला गेला, तेव्हा व्यापाऱ्यानं सांगितलेली पहिली किंमत मी घेतली. त्यावर बेल्ह्याच्या बैलबाजारात आयुष्य गेलेल्या माझ्या सासऱ्यांचा दाखला निघाला. ते म्हणे पहिल्या बोलीला कधी मानच हलवत नसत.

आणि एक गोष्ट आम्ही दोघींनी मिळून ठरवली. पुढं जायची घाई करायची नाही. सुरुवातीच्या दरीत लांडगे असायचे, त्यांना मारलं की राखणदाराची ताकद थोडी वाढायची. आम्ही तिथंच फिरत राहिलो. आत्याबाईंचं म्हणणं, वासराला नीट चारल्याशिवाय जुंपू नये. माझं म्हणणं वेगळं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, हा शेवटपर्यंत धड पोचला तर मीही पोचेन. खुळेपणाच होता, पण सहावा महिना चालू होता आणि पोटात जरा कुठं ओढ बसली की मी श्वास रोखून राखणदाराला आणखी एक लांडगा मारायला लावायचे.

सहावा सरला. सातवा लागला. राखणदार सगळा मुलूख फिरून, सोबती जमवून पुन्हा आपल्या खिंडीकडे निघाला. त्या गुरुवारी भाऊजी आले, पडद्यात डोकावले आणि दचकले.

"वहिनी, एवढी ताकद? इतकी तर मी पण कुनाची केली नाय."

"शेवटी कामाला येईल," मी म्हटलं.

भाऊजींनी गेम माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, मित्र गेम परत मागतोय, आज घेऊनच जावा लागेल. चोराच्या मनात चांदणं, ते माझ्याकडे बघेचनात. मी तोंड सोडलं. मित्राला फोन लावा, मी बोलते त्याच्याशी, असं म्हटलं. भाऊजी गेम घेऊन स्वयंपाकघरात गेले. आत त्यांची आणि आत्याबाईंची कुजबूज ऐकू आली आणि मग गव्हाच्या कोठीचं झाकण वाजलं.

दोन दिवस मी धड जेवले नाही. डाळिंब सोलून समोर आलं, मी भिंतीकडं तोंड केलं. तिसऱ्या दुपारी आत्याबाई रिकाम्या हातांनी येऊन बसल्या. मी न राहवून बोलले, "काय असेल ते असू दे, पण ते मला पुरं करू द्या. एक माझं अर्ध्यात राहिलंय. आता काही अर्ध्यात राहिलेलं मला सोसणार नाही."

त्या घरात ते पहिल्यांदाच कुणी तरी मोठ्यानं बोललं होतं. आत्याबाई पलंगावर माझ्याजवळ सरकल्या.

"त्यो मरतो पोरी," त्या म्हणाल्या. "तुज्या भाऊजीनं सांगितलं. आदी आलेला गेम चालूच व्हतो त्याच्या समाधीपासनं. तू त्याला कितीबी ताकद दे, मरनारच. पोटुशीच्या कानावर मरण घालू न्हाई, म्हनून लपावलं."

मी रडले. गेममधल्या माणसासाठी रडतेय याची लाजही वाटली नाही. दरीतले ते सगळे लांडगे फुकट गेले होते. रडून झाल्यावर मात्र मला राग आला, आणि राग आला म्हणजे मी ठीक आहे हे त्यांना कळत असावं.

आत्याबाईंच्या माहेरी श्रावणात पोथी लागायची. तिथला एक रिवाज त्यांनी मला सांगितला. वाचता वाचता कुणाच्या मरणाचा अध्याय आला तर तो चुकवायचा नाही, पण पोथी तिथं मिटायची नाही. लगेच पुढच्या अध्यायाच्या चार ओव्या वाचायच्या, कुणी जन्मलेलं असेल, कुणी घरी परत आलेलं असेल, अशी जागा बघायची आणि मग मिटायची. "मंग ह्येचा फुडचा अध्याय कुठं हाय?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "तुज्या भाऊजीच्या डोक्यात."

गुरुवारी कोठीतून गेम बाहेर निघाला आणि भाऊजींना पलंगाशी बसवलं. दुपारची वेळ, वीज नव्हती, दार उघडं होतं. बटण बंद असल्याची खात्री झाली. मी राखणदाराला खिंडीत नेलं. समोरून सैन्य यायला लागलं. मी पाडलं, पुन्हा आलं, पुन्हा पाडलं. माझ्या जमवलेल्या ताकदीमुळे तो फार वेळ टिकला. भाऊजी नंतर म्हणाले, त्यांच्या वेळी एवढा कुणाचाच टिकला नव्हता. खाली गावातले लोक डोंगर उतरून पलीकडे निसटत होते. मग माझी बटणं चालेनाशी झाली आणि तो गुडघ्यावर आला.

पडदा काळा व्हायच्या आत आत्याबाईंनी मुलाला ढोसलं. "सांग."

भाऊजींना गोष्ट सांगता येत नाही, आजही येत नाही. अडखळत त्यांनी सांगितलं, की जुन्या गेममध्ये पहिल्यांदा दिसते ती खिंड आणि दगड. दगडाशी एक मुलगी फुलं ठेवतेय. त्या लढाईच्या दिवशी ती टोपलीत होती, आईच्या डोक्यावर, डोंगर उतरणाऱ्या लोकांत. त्यांच्या जुन्या गेमची नायिका तीच.

"टोपलीत व्हती," आत्याबाई म्हणाल्या. "बास. आता मिट."

मी गेम बंद केला. भाऊजी उठून बाहेर गेले. आत्याबाई तिथंच बसल्या होत्या आणि माझ्या पायावरची चादर उगीच सारखी करत होत्या. मग त्यांनी सांगितलं, की माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. चार दिवस होता. सासऱ्यांनाही त्यांनी पुन्हा त्याचा विषय काढू दिला नव्हता. पोरांना तर माहीतच नव्हतं.

"तुजं गेलं तवा मला बोलायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "पर माझंच त्वांड उघडंना. तुला वाटलं आसंल, म्हातारी दगड हाय."

तसं वाटलंच होतं. मी तेही सांगून टाकलं. त्या हसल्या आणि मी त्यांचा हात धरला. वर्षभर त्या घरात मी एकटीच त्या बाळाची आई होते. त्या दुपारी मला सोबत मिळाली. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ माणसांनी पुष्कळ दिलंय, पण याच्या तोडीचं कुणी दिलं नाही. चाकणहून ते यंत्र खिशात घालून आणणाऱ्या भाऊजींचे उपकार तर मी फेडू शकत नाही, आणि ते त्यांना सांगायला गेलं की ते विषय बदलतात.

उरलेले दिवस मी आडवीच काढले. भांडले कमी, बोलले जास्त. नवव्यात टाका काढला आणि तिसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज माझा.

नंतर नर्स कागद भरायला आली. मी अर्धवट ग्लानीत होते. तिनं मला विचारलं, "पहिलीच का हो ताई?" मी सवयीनं मान हलवणार होते.

त्याआधी दारातून आत्याबाईंचा आवाज आला. "न्हाई. दुसरं हाय. पयला मुलगा व्हता, त्ये पन लिवा."