विचारलं तर ‘हो’ म्हण

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईच्या बसस्थानकावर त्यानंच पाठवलेल्या डब्याची वाट बघत उभा होतो. सकाळी तेलगावच्या थांब्यावर त्यानं ड्रायव्हरच्या हाती डबा दिला, घरी गेला, चहा मागितला आणि भिंतीला टेकून बसला तो बसलाच. त्याच्या मेव्हण्यानं हे सगळं फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. मी फोन खिशात ठेवतोय तोवर गाडी आत आली. ड्रायव्हरनं खिडकीतून डबा खाली दिला आणि म्हणाला, “हळू धरा, तुमच्या दोस्तानं बजावून सांगितलंय.” त्याला काही माहीत नव्हतं, आणि मलाही ते त्याला सांगता आलं नाही. डबा काखेत धरून मी तसाच तेलगावच्या गाडीत बसलो.

डब्यात जेवण नसायचं. स्टीलचा गोल डबा, आत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली हार्ड डिस्क. मिलिंद लग्नं शूट करायचा आणि मी इथं घरी बसून त्यांच्या फिल्म करायचो. अकरा वर्षं आमचा हा धंदा चालला. लग्नसराईत आठवड्याला दोन-तीन डबे यायचे आणि तितकेच परत जायचे. एकाही ड्रायव्हरनं कधी डबा हरवला नाही. जे हरवलं ते माझ्यामुळे, आणि आज मुख्यतः तेच लिहायला बसलो आहे.

आधी त्याच्याविषयी. मिलिंद दिसायला आडदांड, बोलायला फटकळ. लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी कॅमेऱ्यापुढं धिंगाणा घातला की सरळ “सरक बे” म्हणायचा. पण त्याची एक पद्धत होती, जी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. हळदीच्या दिवशी दुपारी तो घरातल्या वडीलधाऱ्यांना एकेक करून दारातल्या उजेडात बसवायचा आणि विचारायचा, “पोरीला काय सांगताल?” मग गप्प राहायचा. आमच्याकडची म्हातारी माणसं आधी लाजतात, हात झटकतात, “काय सांगू बाबा” म्हणतात, आणि मग अशी बोलू लागतात की थांबत नाहीत. त्याच्या घरचं पंचशीलाचं बौद्ध लग्न असो की दुसरीकडचं अक्षतांचं, लोक बाकीचा व्हिडिओ पुढं ढकलून तेवढंच बघायचे. माणूस गेलं की घरचे त्याच्याकडं यायचे, आईचं तेवढं काढून द्या म्हणायचे. तो काढून द्यायचा.

आता डिस्कचं. त्याच्याकडं विंडोजचा कॉम्प्युटर आणि माझ्याकडं पुण्याहून आणलेला जुना मॅक. हार्ड डिस्कच्या आत फायली ठेवायची एक मांडणी असते. विंडोजची मांडणी मॅकला वाचता येते, पण तिच्यात काही लिहिता येत नाही. मॅकची मांडणी तर विंडोजला ओळखूच येत नाही. एक्सफॅट नावाची तिसरी एक मांडणी आहे, ती दोघांनाही चालते. नवी डिस्क आली की ती पुसून, म्हणजे फॉरमॅट करून, एक्सफॅटमध्ये तयार करायची, मगच तिच्यात शूटिंगचा माल भरायचा, एवढा साधा नियम. हा नियम मीच त्याला शिकवला आणि त्याचा रुबाबही भरपूर मारला. एकदा त्यानं कोरी डिस्क लावली, तर फॉरमॅट करायचं का असं कॉम्प्युटर विचारू लागला. त्यानं घाबरून फोन केला. मी म्हणालो, “घाबरतोस काय, विचारलं तर हो म्हण.” हे वाक्य त्यानं पाठ केलं. मी सांगितलेलं तो असंच पाठ करायचा, कारण कॉम्प्युटरमधलं मला कळतं असा त्याचा समज होता.

पाटोद्याकडच्या एका गावातलं लग्न होतं. ऐन सराईत त्यानं नवी डिस्क घेतली आणि गडबडीत तशीच, विंडोजच्या मांडणीत, भरून पाठवली. मी फिल्म केली, पण ती त्या डिस्कवर लिहिता येईना. मग सगळं माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, डिस्क पुसली आणि पुन्हा तयार केली. त्या वेळी यादीत जी मांडणी वर होती ती मी निवडली. ती मॅकची होती. मला ते दिसलं होतं. एक्सफॅट निवडायला दोन सेकंद लागले असते, पण बाहेर गाडीची वेळ होत आली होती. सगळा माल आणि फिल्म तिच्यात परत भरली. माझ्याकडं जागा नव्हती म्हणून माझ्याकडचं पुसलं, डबा गाडीत दिला आणि त्याला फोन करायचा राहून गेला.

मिलिंदनं डिस्क लावली. विंडोजला ती ओळखू आली नाही, म्हणून कॉम्प्युटरनं विचारलं, फॉरमॅट करायचं का? मिलिंदनं ‘हो’ म्हटलं. डिस्क रिकामी दिसली, तेव्हा त्याला वाटलं, मी फिल्म दुसऱ्या डिस्कवर पाठवणार असेन. त्यानं तिच्यात पुढच्या दोन लग्नांचा माल भरला. कॅमेऱ्याची कार्डं तर त्यानं आधीच रिकामी केली होती, दुसरी प्रत कुठंच नव्हती. चार दिवसांनी तो म्हणाला, “पाटोद्याची फिल्म कवा देतोस?” तेव्हा आम्हाला कळलं. मी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून दोन दिवस बसलो. वरातीचे तुकडे निघाले, हळदीचं काहीच निघालं नाही.

त्या लग्नातल्या नवरीची आई आजारी होती. दारातल्या उजेडात बसून ती लेकीशी बरंच बोलली होती, मी ते फिल्ममध्ये जसंच्या तसं ठेवलं होतं. पुढं दोन महिन्यांत ती गेली. तिचं चालतं-बोलतं दुसरं काही त्या घरात नव्हतं.

“माझ्या हातानं झालं बे,” मिलिंद म्हणाला होता. “होतं असं कधीकधी,” मी म्हणालो. एवढंच म्हणालो. मी डिस्क कशी पाठवली होती ते सांगितलं नाही. त्या घरी तो एकटा जाऊन आला. काय झालं विचारलं तर म्हणाला, “झालं. तू एडिटिंग कर.”

सात-आठ महिन्यांनी त्यानं फोनवर मध्येच विचारलं, “मॅकवर बनवलेली डिस्क इकडं लावली तर विंडोज काय म्हणतं रे?” मी म्हणालो, “उघडत नाही.” “उघडत न्हाई. का फॉरमॅट करू का म्हणतं?” त्यानं विचारलं. “म्हणतं,” मी म्हणालो. तो बरं म्हणाला आणि दुसऱ्या लग्नाचं बोलू लागला. त्यानंतर तो प्रत्येक डिस्कवर मार्करनं ‘दोन्हीकडं चालती’ असं लिहून पाठवू लागला. मी ते वाचायचो आणि काम सुरू करायचो. हा विषय त्यानं पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. त्या लग्नापासून तो जाईपर्यंत, सांगायला पाच वर्षं होती माझ्याकडं.

तो गेला त्या दिवशी डब्यातून आलेल्या लग्नाची फिल्म मी पूर्ण केली आणि ती द्यायला पुन्हा तेलगावला गेलो. मिलिंदच्या पत्नी, संगीतावहिनी, ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. बोलता बोलता मी त्यांना हे सगळं सांगितलं. खरं म्हणजे मला वाटत होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या भाऊजी, गेलेल्या माणसाचं काय आता. त्यांनी सूप खाली ठेवलं. “मला कामून सांगता?” त्या म्हणाल्या. “माझं काय गेलंय त्यात? त्या घरी जाऊन सांगा.” आणि त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं.

गेल्या रविवारी पाटोद्याला गेलो, तिथून जीपनं पुढं. नवरीचे वडील, मारुतीअण्णा, घरीच होते. कारखान्यावर ऊसतोडीला जायचं त्यांनी आता बंद केलंय, गुडघे साथ देत नाहीत. मी कोण, कशाला आलो, ते सांगितलं. मिलिंद गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मग डिस्कचं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या भाषेत. चूक त्याची नव्हती, माझी होती, हे दोनदा सांगितलं.

“आमी त्याला लई बोललो,” शेवटी ते म्हणाले. “हितंच, दारात उभं करून. घरात घेतलं न्हाई. पोरगी रडत हुती, माझं बी डोकं फिरलंतं.” मग म्हणाले, “धाकटीच्या लग्नाला दुसरा कॅमेरावाला आणला. मग गावात कुनीच बोलवलं न्हाई त्याला.”

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या भागातली कामं कमी झाली तेव्हा मी मिलिंदलाच म्हणालो होतो, तू हल्ली आळशी झालास.

“तो काय म्हणाला तेव्हा?” मी विचारलं.

“काय न्हाई. ऐकून घेतलं. म्हनला, बटन म्याच दाबलं.”

अण्णा माझ्याकडं बघत होते. राग दिसत नव्हता. काहीतरी नीट समजून घ्यायचं राहिलंय, असं बघत होते.

“तुमी तवा कुठं हुता?”

“घरीच होतो,” मी म्हणालो.