सवयीचा रकाना

कॅन्सरच्या रुग्णालयात तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, नोंदणीची खोली होती. तिथल्या कारकुनाला सगळे पंचनामा म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. एकतीस वर्षं त्याने एकच काम केलं. तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या गाठी घेऊन आलेल्यांना समोर बसवायचं आणि फॉर्म भरायचा. वय काय, गाठ कुठे, सवय कसली. तंबाखू? सिगारेट? दारू?

बहुतेकांनी काही ना काही केलेलं असेच. पण काही जण ताकास तूर लागू देत नसत. "कधीच नाही, साहेब." पंचनाम्याचा यावर काडीचा विश्वास नव्हता. तो त्यांची बोटं बघे, दात बघे, आणि काही सापडलं नाही तरी तंबाखूवर खूण करून मोकळा होई. बाजूला पेन्सिलीने 'लपवतो' असं लिही. रकाना कोरा राहिला तर वरचं ऑफिस फॉर्म परत पाठवायचं, हे खरं. पण खरी गोष्ट त्याची घमेंड. माणूस ओळखावा तर आपणच!

दरवर्षी या फॉर्मांवरून तक्ता निघे. लोकांची तंबाखू सुटत गेली तसे तोंडाचे कॅन्सर हळूहळू उतरले. टॉन्सिलचे मात्र चढत गेले. तरी बिनव्यसनी पेशंट तक्त्यात एकही नाही. डॉक्टरांच्या पिढ्या तोच तक्ता बघून शिकल्या.

मग त्याच्या बायकोच्या मानेत बोराएवढी गाठ आली. ती शाळेत चित्रकला शिकवायची. चहापलीकडे तिला कशाची सवय नव्हती. डॉक्टर हसून म्हणाले, "बाईंना व्यसन नाही ना? मग काळजी सोडा. आपल्याकडे असं एकही उदाहरण नाही." आठ महिने नुसत्या गोळ्या चालल्या. पंचनामाही निर्धास्त होता. तक्ता त्याच्याच हातचा होता ना!

शेवटी तुकडा तपासला तेव्हा गाठ मानेच्या दोन्ही बाजूंना पोचली होती. नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा टॉन्सिलचा कॅन्सर विषाणूमुळे होतो. त्याला व्यसन लागत नाही. वेळेवर सापडला तर बरेच जण बरे होतात. पण इथे तपासतच नाहीत. म्हणे, इथे असे पेशंटच नसतात."

पंचनाम्याच्या पायाखालची जमीन सरकली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही एकतीस वर्षं! 'कधीच नाही' म्हणणारे चेहरे तो आठवू लागला. एकही धड आठवेना. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

बायकोचा फॉर्म त्याने स्वतः भरला. सवय: नाही. तिसऱ्या दिवशी फॉर्म वरच्या ऑफिसातून परत आला. खाली शेरा होता: 'अशी नोंद आजवर नाही. रुग्ण लपवत असावी. दुरुस्त करून पाठवा.'

तो तडक वर गेला. टेबलामागे त्याच्याच हाताखाली तयार झालेली कारकून बसली होती.

"अगं, माझी बायको आहे ती! चौतीस वर्षांचा संसार आहे आमचा. मला माहीत नसेल?"

ती उठून उभी राहिली. त्याला खुर्ची दिली.

"रागावू नका, साहेब," ती म्हणाली, "पण तुम्हीच शिकवलंत ना, घरच्यांना सगळ्यात शेवटी कळतं म्हणून?"

हे ती अगदी आदराने म्हणाली.