माह्या आवाजाची तारीफ

आता काय लपवू तुमच्यापासून! चहा पाजून राह्यले तं फजितीबी ऐकून घ्या. लोकायची फजिती दुसरे करतात. माही मीच केली. भर आंगनात, साऱ्या गल्लीच्या बायायसमोर, अन् वरून ते पेटीत भरूनबी ठेवली!

आमी दोघी बहिनी. मी वच्छला, अन् मोठी गोदाबाई. मी तिले अक्का म्हनते. दोघीले धामनगाव बढ्यात एकाच घरी देल्लं, दोन सख्ख्या भावायले. म्हनजे पाहा, बहीनबी तीच अन् जाऊबी तीच. भांडाचं तरी कोनासंग?

अक्का मुलखाची अबोल. अन् मी कशी, ते तुमी पाहूनच राह्यले.

त्या वक्ती गावात पिठाची चक्की आली नव्हती. रोज सकाळी दोघी समोरासमोर जात्यावर बसाच्या, एकाच खुंट्याले दोघीचे हात, अन् ओव्या सुरू! कोनती ओळ कोनी म्हनाची असा काई नेम नव्हता. दोघी संगच म्हनाच्या. एकीचा दम सरला का दुसरीनं पुढं न्याचं.

पान्याले जानाऱ्या बाया दाराशी थांबत. म्हनत, "काय आवाज आहे व बाई तुमच्या घरात! जीव गार होते."

अन् मी लाजाची. मीच काऊन? अव, आवाज माहाच ना! माह्या कानात तं माहाच यायचा, कसा भारी, घुमनारा. अक्काचा आपला मागं मागं, भाजीत मीठ असते तसा. असते, पन दिसत नाई.

महाराष्ट्र तवा नवा नवाच झाला होता. एक दिवस नागपूरहून एक सर आले. गावोगावच्या बायायची गानी जमा करत फिरत होते. संग एक पेटी, मोटारीच्या बॅटरीवर चालनारी. वर दोन चकत्या, एकीवरची फीत दुसरीवर जाये. गानं म्हनलं का पेटी ते गिळते अन् मंग जसंच्या तसं बाहेर काढते, असं सरपंचानं सांगतलं. अन् त्यानं सरायले थेट आमच्याच घरी आनलं. नाव होतं ना आमचं!

आंगनात सतरंजी टाकली. सर म्हनले, "हं, म्हणा."

मी तोंड उघडलं. काईच नाई! अक्काकडं पाह्यलं, तं ती सतरंजीच्या दशा ओढून राह्यली होती. रोज धो धो येनाऱ्या ओव्या, त्यातली एकबी बाहेर याले तयार नाई.

"लाजू नका," सर म्हनले.

आता लाजते कोन? मी सांगतलं, "सर, हातात खुंटा नाई तं तोंडात ओवी येत नाई. हात फिरला का गळा फिरते."

"मग जातं फिरवा ना. नुसतंच फिरवा, रिकामं."

झालं! सासूबाई ओसरीवरून उठल्याच. "रिकामं जातं? माह्या घरात? नागपुरात चालत असंन!"

रिकामं जातं फिरवलं तं घराची बरकत जाते बापा. आमच्याकडं लहान पोट्टीबी असं करत नाई. मंग सूपभर जवारी आली. ते सरली, अजून आली. आमच्या घरची जवारी आटोपली तं शेजारनी आपापली सुपं घेऊन हाजर! फुकट दळून मिळून राह्यलं तं कोन सोडते? सर पेटीत गानी भरून राह्यले अन् आमी अर्ध्या गल्लीचं पीठ पाडून राह्यलो.

शेवटी सरायनं हात वर केला. फीत मागं फिरवली. म्हनले, "आता ऐका."

पेटीतून आधी जात्याची घरघर आली. अन् मंग, बापा बापा, आमची ओवी!

धामनगावच्या वाटंनं, बाई बाभळीचा काटा
सख्या बहिनीनं घेतला, माह्या दुखाचा गं वाटा

मानसाचं तोंड बंद अन् आवाज चालू, हे आमी जन्मात पाह्यलं नव्हतं. सासूबाईनं पेटीले हात जोडले. 

आवाज दोन होते. एक बारीक, चिरका, कढईत उलथनं घासल्यावानी. अन् दुसरा? कसा सांगू? खोल विहिरीतून भरली मोट वर यावी तसा. सावकाश, काठोकाठ, एक थेंब सांडत नाई. माह्या अंगावर सर्रकन काटा आला. डोळ्याले पानी आलं. मी मनात म्हनलं, वच्छे, हा तुहा गळा? देवानं तुले हे एवढं देल्लं, अन् तुले आजवर पुरता पत्ता नाई?

अन् अक्काची मले दया आली. बिचारी! त्या उलथन्याचं तिले कोनी कधी सांगतलंच नव्हतं.

सर म्हनले, "फीत थोडीच उरली आहे. आता एकच ओवी, एकाच आवाजात हवी. ती मी नागपुरात ऐकवीन आणि पुढे मुंबईलाही पाठवीन. दोघींपैकी कोण म्हणेल?"

मुंबई!  एकीचा आवाज मुंबईले जाईन अन् दुसरी राहीन धामनगावात पीठ चाळत!

अक्का हळूच म्हनली, "वच्छीलेच म्हनू द्या."

ती तशीच. मोठा घास कधी घेनार नाई. पन मले दान नोको होतं, मले मान पाह्यजे होता! मी उभीच झाली.

"नाई! न्याय झाला पाह्यजे. पेटीनं सांगतलं ना सारं? तो जो भारी आवाज आहे ना सर, तोच जाईन मुंबईले. तो आवाज म्हनजे या घराची लक्ष्मी आहे! देवळात घंटा नसली तरी चालंन, तो आवाज पाह्यजे!"

बाया एकमेकीकडं पाहाले लागल्या.

"अन् तो दुसरा, चिरका," मी म्हनलं, "तो तं पेटीत भरूच नोका. त्याले म्हना, बाई, तू निवड-पाखड कर, गानं काई तुहं काम नोहे!"

सासूबाईच्या हातातलं सूप तसंच राह्यलं. "वच्छे, हे तू बोलून राह्यली? तू?"

"काऊन? खरं बोलाले भेव कायचं?"

शेजारची सखू म्हनली, "मन लय मोठं आहे व बाई तुहं."

सरायनं तं चष्माच काढला. "इतक्या मोकळ्या मनाची बाई मी अजून पाहिली नाही."

मले वाटलं, शिकल्यासवरल्या मानसायले सोताची तारीफ केलेली आवडते वाट्टे. मंग मी अजून थोडी केली.

तिकडं अक्कानं पदर तोंडाले लावला होता. डोळे भरलेले, खांदे हालून राह्यले. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. "रडू नोको व अक्का. ज्याच्या त्याच्या नशिबाची गोष्ट आहे."

मंग मी पदर सारखा केला, घसा खाकरला अन् खुंटा धरला. सरायनं माइक उचलला अन् नेऊन ठेवला अक्काच्या समोर!

मी मनात म्हनलं, चुकला बिचारा. चुकू द्या. आता चिरकं निंघंन अन् याचं डोकसं ठिकानावर येईन. गालातल्या गालात हसत मी जातं ओढाले लागली. तोंड मात्र बंद ठेवलं, माहा नंबर येईपर्यंत.

अक्कानं डोळे मिटले अन् ओवी धरली.

तोच आवाज! तीच भरली मोट! पेटीतून नाई बापा, माह्यासमोर, हातभर अंतरावर, माह्याच बहिनीच्या तोंडातून.

खोटं नाई सांगत, इतकी वर्सं गुडघ्याले गुडघा लावून बसली, एकाच खुंट्याले हात, अन् मी हा आवाज ऐकलाच नव्हता. ऐकीन कशी? माहं तोंड बंद कधी होतं? बाया दाराशी कोनासाठी थांबत होत्या, ते मले त्या दिवशी समजलं. मान गेला, मुंबई गेली, मी सारं विसरली. एवढंच वाटे, का देवा, हे ओवी सरू देऊ नोको. हात आपोआप फिरत होता. अक्का गात होती, अन् मले वाटलं का मी आजवर नुसतीच ओरडत आली.

शेवटची ओळ संपली, अन् माह्या तोंडातून निंघालंच, "माय व अक्का! काय गाते व तू!"

फीत सरली.

सरायनं कपाळाले हात लावला. पेटी लावून पाह्यली. अक्काची ओवी, देवाघरची. अन् तिच्या शेपटाले लागूनच, कढईत उलथनं! साऱ्या बाया माह्याकडं पाहून पोट धरून हसाले लागल्या. "दुसरी फीत नाही," सर म्हनले, "जाऊ द्या, असंच पाठवतो." म्हनजे माहाबी आवाज मुंबईले गेला बरं का!

पन खरा घोर पुढंच होता. अक्काले वाटलं असंन, वच्छीनं एवढ्या बायायत माही तारीफ केली. आता तिले कोन्या तोंडानं सांगाचं, का बाई, ते मी तुही नाई, माहीच करत होती? वर्सं गेली. गावात चक्की आली, जातं कोपऱ्यात गेलं. मी ते गिळूनच होती.

परवा दोघी ओसरीवर बसलो होतो. मी धीर केला. "अक्का, त्या सरायसमोरची ते तारीफ... मी ते माहा आवाज समजून केली होती व."

"मले तवाच ठाऊक होतं," अक्का म्हनली.

"तवाच? मंग रडली काऊन?"

"रडत कोन होतं? हसू दाबून राह्यली होती." अन् मंग ती अबोल बाई जन्मात नाई तेवढं बोलली. "ओवीच्या शेवटी बोंबलली ना, तेवढंच माहं होतं, ते मी ठेवून घेतलं. बाकीचं सारं तुहं तुलेच. अव वच्छे, पाळन्यात होती तवापासून पाहून राह्यली तुले. सोताले सोडून तू कोनाची एवढी तारीफ करशीन का?"